पाठमोरे फादर

गेल्या जुलैत एका रविवारी आमच्या वाड्यावरचं चॅपल गळायला लागलं. गोव्यातल्या बार्देशातला पाऊस, त्यात रात्रभर वारं, कुठलं तरी कौल सरकलं असणार. ज्या टेबलावर मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना होते, नेमकं त्याच्यावरच पाणी ठिबकत होतं. दोघातिघांनी मिळून टेबल उचलून भिंतीला लावलं, त्याच्यावरचा माईक काढून ठेवला, खालचा ओला गालिचा गुंडाळला आणि त्या जागी एक निळी बादली आणून ठेवली. आमचे नेहमीचे फादर रजेवर होते, त्यांच्या बदली एक निवृत्त फादर आले होते, ऐंशीच्या बरेच पुढचे. वाचनं झाली, शेरमांव म्हणजे प्रवचन झालं, ते त्यांनी बाजूच्या कोरड्या जागेत उभं राहून आमच्याकडे बघूनच केलं, छोटं आणि छान. मग अर्पणाची वेळ आली तेव्हा ते बादलीपाशी थांबले, वर छपराकडे बघितलं आणि कोणाला काही न विचारता हळूहळू तीन पायऱ्या चढून मागच्या जुन्या आल्तारापाशी, म्हणजे वेदीपाशी गेले. भिंतीला टेकलेला तो सोनेरी खांबांचा आल्तार, ज्याच्यावर एरवी आम्ही फक्त फुलं आणि मेणबत्त्या ठेवतो. आणि आमच्याकडे पाठ करून त्यांनी मिस्सा पुढे सुरू केली.

तीसेक माणसं असू आम्ही. कोणी हललं नाही. बादलीत टप टप आवाज, बाहेर पाऊस, आणि माईक नसलेला फादरांचा आवाज, जो आधी सोनेरी लाकडावर आपटून मग आमच्यापर्यंत येत होता, थोडा जुना झाल्यासारखा. मला त्यांची पाठ दिसत होती, कोपरं दिसत होती, वर जाणारी आणि खाली येणारी, आणि झग्याच्या खाली काळे बूट. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजून तिरकी झालेली. त्यांनी पवित्र भाकर डोक्याच्या वर उचलली तेव्हा त्यांच्या टाचा जमिनीपासून जराशा सुटल्या. एवढंच. पण माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. पप्पा गेल्यापासून दोन वर्षं मी मिस्सेला जात होते, बसत होते, उठत होते, गात होते, प्रार्थना मात्र होत नव्हती. त्या दिवशी झाली.

बाहेर पडवीत छत्र्या उघडता उघडताच वाद सुरू झाला. एक तिशीतला मुलगा, बोटीवर असतो, सुट्टीवर आलेला, त्याचा चेहरा अगदी उजळला होता. तो म्हणाला, आज खरं मीस झाल्यासारखं वाटलं, एरवी फादर आपल्याकडे बघतात, आपण फादरांकडे बघतो, देवाकडे बघायला कोण उरतं? त्यावर सत्तरी ओलांडलेले एक अंकल एकदम भडकले. तू तेव्हा जन्मला नव्हतास, भिंतीकडे तोंड करून लॅटिनमध्ये पुटपुटणारे पाद्री आम्ही बघितलेत, एक अक्षर कळत नव्हतं, त्यातून सुटलो आम्ही, आता परत नको. कोणी म्हणालं छप्पर गळत होतं म्हणून झालं, एवढं काय त्यात. पण त्या दोघांना आता छपराशी काही देणंघेणं नव्हतं. मी मनातल्या मनात त्या मुलाच्या बाजूला उभी होते, हे इथे कबूल करते.

मग शेजारच्या आंटीला माझ्या छत्रीत घेऊन मी घरी निघाले. आंटी ब्याऐंशी वर्षांची, एकटी राहते, कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मशीन आहे, पण चॅपलमध्ये ते शिट्टी मारतं म्हणून ती काढून पाकिटात ठेवते. तिचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं तिलाही माझ्यासारखंच झालं असेल, मी तिला सांगणारच होते किती सुंदर झाली आज मिस्सा, तेवढ्यात तीच म्हणाली, "आयज म्हाका मीस मेळ्ळेंच ना." म्हणजे आज मला मिस्सा मिळालीच नाही.

मी मोठ्याने विचारलं का म्हणून. तिने बोट उचलून स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

ओठ. आंटी इतकी वर्षं पहिल्या बाकावर डावीकडे बसते ती फादरांचे ओठ वाचायला. शेजारी राहून अकरा वर्षं झाली तरी हे मला माहीत नव्हतं. कोविडनंतर चर्च उघडली आणि फादर मास्क लावून मिस्सा करायचे तेव्हा ती महिनोन्‌महिने आलीच नाही, मला वाटायचं आजाराला घाबरते. आणि ज्या पाठीने त्या दिवशी मला माझी प्रार्थना परत दिली त्याच पाठीने तिची अर्धी मिस्सा काढून घेतली होती, एकाच वेळी, एकाच छपराखाली. तेव्हापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मी वसईची. आमच्याकडे मिस्सा मराठीतून, प्रार्थना मराठीतून, भांडणंसुद्धा मराठीतून, म्हणजे आमच्या कादोडी बोलीतून. आजी लाल लुगडं नेसायची. तिचं अर्धं आयुष्य लॅटिन मिस्सेत गेलं. ती सांगायची, आम्ही आपली माळ जपत बसायचो, पुढे फादर काय करतात ते फादरांना ठाऊक, घंटी वाजली की मान वर करायची आणि उचललेली भाकर बघायची, बास, तेवढं बघितलं की पोट भरायचं. ती भाकर उंच उचलायची पद्धत तेराव्या शतकात रुळली तीच मुळी ह्यासाठी, की मागच्या लोकांना फादरांच्या डोक्यावरून ती दिसावी. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले, ओव्हल मैदानावर मोठी युखरिस्त परिषद, म्हणजे त्या पवित्र भाकरीच्या सन्मानासाठी कॅथलिकांचा जागतिक मेळावा झाला, तेव्हा आजी गाडीत चेंगरून चर्चगेटपर्यंत गेली होती आणि पोपला लांबून, बोटाच्या पेराएवढं बघून आली होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत आमच्या चर्चमध्ये टेबल पुढे आलं आणि फादर लोकांकडे वळले. आजी म्हणायची, पहिल्या दिवशी मी मानच वर केली नाही, वेदीवरच्या फादरांच्या तोंडाकडे कसं बघायचं, लाज वाटली. मग त्यांनी आपल्या भाषेत म्हटलं, हे माझे शरीर आहे, तेव्हा बघितलं. "एवढी वर्षं हेच म्हणत होते होय," असं ती म्हणाली होती, आणि हे सांगताना दरवेळी तिचा आवाज बदलायचा.

म्हणजे ज्या घरात मी वाढले तिथे फादरांचं वळणं हा एक आनंद होता. दार उघडल्यासारखा. आणि त्याच आजीची नात मी, आणि मला पाठ बघून रडू आलं.

मराठीत ह्या पाठीची मोठी गंमत आहे. कोणी पाठ फिरवली म्हणजे तो आपल्याला सोडून गेला. पण कोणी पाठीशी उभा राहिला म्हणजे तो आपला. आणि पाठोपाठ चालायचं तर पुढच्याची पाठच दिसणार, तोंड कसं दिसेल? लहानपणी नाताळच्या आधीच्या दिवसांत पप्पा मला पहाटेच्या मिस्सेला घेऊन जायचे. केळीच्या वाडीतून बावखलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तळ्याच्या कडेने वाट, काळोख, थंडी, बावखलातून धूर निघाल्यासारखं धुकं. पप्पा पुढे, हातात बॅटरी, मी मागे. सगळी वाट मला त्यांची पाठ दिसायची, खाकी स्वेटर, डाव्या खांद्यावर उसवलेला. ते एकदाही मागे वळून बघायचे नाहीत, फक्त मधून मधून बॅटरी स्वतःच्या पायाकडून जरा मागे करायचे, माझ्या पायापुढे उजेड पडावा म्हणून. वळले असते तर उजेड माझ्या डोळ्यांवर आला असता आणि वाट काळोखात गेली असती. जुलैतल्या त्या रविवारी मला तो स्वेटर दिसला.

त्यानंतर मी ह्या विषयावर मिळेल ते वाचत सुटले, ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत, रात्री झोप येत नाही तेव्हा मोबाईलवर. मला खात्री होती की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते १९६५ मध्ये रोमला जमलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेने सांगितलं आणि फादर वळले. तसं नाहीये. उपासनेवरचा परिषदेचा जाहीरनामा आला ४ डिसेंबर १९६३ ला, त्यात फादरांनी कुठे तोंड करावं ह्याबद्दल एक शब्द नाही. ते आलं पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९६४ च्या सूचनापत्रात, आणि तेही असं की मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असावी, तिच्याभोवती फिरता यावं आणि लोकांकडे तोंड करून मिस्सा करता यावी. करता यावी. ७ मार्च १९६५ पासून ते लागू झालं आणि मग जगभर वाऱ्यासारखं पसरलं. १९६९ च्या नव्या मिस्साविधीत तर अजूनही काही जागी लिहिलेलं आहे की इथे फादरांनी लोकांकडे वळावं, म्हणजे त्याआधी ते दुसरीकडे बघत असतील हे लिहिणाऱ्यांनी धरूनच चाललेलं दिसतं. दोन्ही पद्धतींना जागा आहे, चाल मात्र एकाच पद्धतीची पडली.

आणि जुनी पद्धत म्हणजे भिंतीकडे बघणं हेही खरं नाही, ती उगवतीकडे बघायची पद्धत. पहिल्या काळातले ख्रिस्ती लोक उगवतीकडे तोंड करून प्रार्थना करायचे, कारण प्रभू परत येईल तो तिकडून, जशी वीज पूर्वेकडून निघून पश्चिमेपर्यंत चमकते तसा, असं मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. फादर आणि लोक सगळे एकाच दिशेला तोंड करून एकाची वाट बघतायत, अशी ती कल्पना. आता रोमचं सेंट पीटर्स घ्या, त्याचं दारच पूर्वेला आहे, म्हणून तिथे पोप वेदीवर उभे राहून उगवतीकडे बघतात तेव्हा ते आपोआप लोकांकडेही बघतात. म्हणजे जिथून सगळ्या जगाला नियम जातात त्या बॅसिलिकेत हा वाद करायलाच जागा नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांना हा विषय फार जवळचा होता. पोप व्हायच्या आधी त्यांनी लिहिलं होतं की वळता येत नसेल तर निदान वेदीच्या मधोमध क्रूस ठेवा, तीच आपली पूर्व, फादर आणि लोक दोघांनी त्याच्याकडे बघावं. मला हे फार आवडलं. २०१६ मध्ये व्हॅटिकनच्या उपासना विभागाचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल सारा ह्यांनी लंडनमध्ये फादरांना आवाहन केलं की येत्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांपासून पूर्वाभिमुख व्हा, आणि आठवड्याभरात व्हॅटिकनने सांगितलं की नवीन काही नियम आलेला नाही.

हे सगळं वाचून मला बरं वाटलं असतं, पण आंटीचं बोट आडवं येत होतं. पूर्व कुठे आहे ह्याने तिला काय फरक पडतो, तिला ओठ हवेत.

आमच्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला एक केरळची नर्स राहते, सिरो मलबार चर्चची, म्हणजे केरळातल्या जुन्या, स्वतःचे वेगळे विधी असलेल्या कॅथलिक चर्चची, माहेर एर्नाकुलमकडचं. तिला हे सगळं सांगितलं तर ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, दीदी, तुमच्याकडे पडवीत भांडण झालं, आमच्याकडे घरात झालं. त्यांच्या सिनॉडने, म्हणजे बिशपांच्या सभेने, ऑगस्ट २०२१ मध्ये ठरवलं की सगळीकडे एकच पद्धत, पहिला भाग लोकांकडे तोंड करून, मधला अर्पणाचा भाग वेदीकडे, शेवट पुन्हा लोकांकडे. निर्णय तसा १९९९ चाच, अंमल आता. २८ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालं आणि एर्नाकुलम-अंगमाली धर्मप्रांतातल्या बऱ्याच फादरांनी आणि लोकांनी ते मानलं नाही, आम्ही पन्नास वर्षं लोकांकडे बघून केलेली मिस्सा सोडणार नाही म्हणाले. तिथलं मुख्य चर्च, बॅसिलिका, बंद पडलं. २०२२ च्या नाताळच्या तोंडावर तर वेदीपाशीच हातघाईवर आले. पोप फ्रान्सिस ह्यांनी पत्रं लिहिली, प्रतिनिधी पाठवला, डिसेंबर २०२३ मध्ये व्हिडिओवरून विनवणी केली. २०२४ च्या मध्यावर कुठे तोडगा निघाला की रविवारी आणि सणाला निदान एक मिस्सा नव्या पद्धतीने व्हावी. तिचा मोठा भाऊ आणि वडील त्या दोन वर्षांत एकत्र मिस्सेला गेले नाहीत, एका घरातून निघून दोन वेगळ्या चर्चना. हे सांगताना ती कपड्यांना चिमटे लावत होती, एकेका कपड्याला चार चार.

मला वाटायचं अर्धं-अर्धं वाटून घेतलं तर प्रश्न सुटेल, शब्द लोकांकडे, अर्पण देवाकडे. आमच्या चॅपलमध्ये त्या दिवशी नेमकं तेच झालं होतं. पण पन्नास वर्षं ज्या फादरांच्या चेहऱ्याकडे बघून माणसं देवाशी बोलली त्यांना तो चेहरा अचानक दिसेनासा होणं म्हणजे काय, हे वरून कागदावर ठरवणाऱ्यांना कळलं असेल का? आणि हेच १९६५ नंतर उलट्या बाजूनेही झालंच असणार. माझ्या आजीला दार उघडल्यासारखं वाटलं, पण तिच्या शेजारच्या बाकावर कोणीतरी अशी असेल जिला आपल्या शांततेत कोणीतरी घुसल्यासारखं झालं असेल. तिला कोणी विचारलं नसणार. पडवीतल्या त्या मुलाला मागासलेला म्हणणं आणि त्या अंकलना श्रद्धा नाही म्हणणं, ही दोन्ही वाक्यं मी त्यानंतर आमच्या वाड्यावर ऐकली आणि दोन्ही वेळा मला तितकंच दुखलं.

ऑफिसमधली माझी मैत्रीण डिचोलीची. ती म्हणाली, आमच्या देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा घालणारा देवाकडेच तोंड करून असतो, आम्ही मागे. तो आमचं सगळं देवाला सांगतो, पोरांचं, शेताचं, आजारपणाचं, आणि दर वाक्याला आम्ही मागून म्हणतो, व्हय म्हाराजा. मी विचारलं, त्याचं तोंड दिसत नाही ह्याचं कधी वाईट वाटलं का? ती म्हणाली, तो माझ्या वतीने बोलतोय, माझ्याशी नाही. मग तिलाच काय वाटलं कोण जाणे, डबा बंद करता करता म्हणाली, पण ऐकू यायला पाहिजे गं, नाहीतर व्हय कशाला म्हणायचं ते कसं कळणार.

डिसेंबरात जुन्या गोव्याला फेस्ताला गेले तेव्हा बॉम जेझू चर्चमध्ये बराच वेळ बसून राहिले. तिथल्या मोठ्या आल्तारावर संत इग्नेशियसचा भलामोठा पुतळा आहे, सगळ्यांनी बघितलाय. तोंड आपल्याकडे, पण डोळे आपल्याकडे नाहीत, ते वर, येशूच्या नावाची अक्षरं आहेत त्या सोनेरी तेजाकडे. इतक्या वेळा बघितला पण ही नजर पहिल्यांदाच दिसली. आमचे नेहमीचे फादर पवित्र भाकर हातात घेतात तेव्हा तेही आमच्याकडे बघत नसतात, हे मग मला आठवलं. त्यांची नजर हातातल्या भाकरीवर असते. ओठ मात्र आमच्याकडे असतात, आंटीकडे असतात.

पावसाळा संपल्यावर मेस्त येऊन कौलं बसवून गेला, टेबल परत जागेवर आलं. त्या निवृत्त फादरांना मी एकदा बाजारात भेटले, सांगावंसं खूप वाटलं, की तुमची पाठ बघून मला प्रार्थना करता आली, पण त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती आणि मागे माणसं खोळंबली होती, मी नुसतंच "गुड मॉर्निंग फादर" म्हटलं. आंटीचंही सांगायचं राहिलं. फेब्रुवारीत ते गेले.

अंत्यविधी त्यांच्या गावच्या चर्चमध्ये होता. आंटी म्हणाली मीही येते. खूप गर्दी, आम्हाला मधला बाक मिळाला. आपल्या माणसाची पेटी चर्चमध्ये ठेवतात तेव्हा पाय आल्ताराकडे असतात, म्हणजे तो जसा जन्मभर बसला तसा, आल्ताराकडे तोंड करून. पप्पांची तशीच ठेवली होती. फादरांची मात्र उलटी, डोकं आल्ताराकडे आणि पाय लोकांकडे, ही फार जुनी रीत आहे, रोमच्या जुन्या विधिग्रंथातही आहे. म्हणजे ज्या काळात फादर जन्मभर पाठमोरे उभे राहून मिस्सा करायचे त्या काळातही शेवटच्या दिवशी ते लोकांकडे तोंड करूनच असायचे. हे मला आधी माहीत असतं तर मी त्या दिवशी पडवीत त्या दोघांनाही सांगितलं असतं.

आमच्या पुढे एक उंच माणूस बसला होता, त्यामुळे आंटीला वेदी दिसत नव्हती. ती सरकत सरकत बाकाच्या अगदी टोकाला गेली आणि वाटेत वाकून बसली, एक हात पुढच्या बाकावर. आता तिला मिस्सा करणाऱ्या फादरांचे ओठ दिसत होते आणि मला तिची पाठ, पांढरा अंबाडा, काळ्या ड्रेसच्या हुकापाशी सुटलेला एक दोरा. तिच्या पलीकडे पेटी, आणि पेटीतून आमच्याकडे झालेले बुटांचे तळवे. नवे बूट होते, टाचा सरळ. वर ते फादर कोंकणीतून म्हणत होते, आणि त्यांच्या मागून अर्ध्या शब्दाच्या अंतराने आंटीची हनुवटी हलत होती.